उन्हाळ्याच्या रात्री आणि गरोदर बाईची झोप



आजचा विषय झोपेचा आहे. हा विषय ठरला तेव्हा आमच्याच बैठकीत दोघी-तिघी हसल्या. कर्ज, परतफेड, बी-बियाणं सोडून रेडिओवर झोपेबद्दल काय बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. पण एप्रिल-मे महिन्यात आपल्या विदर्भातल्या कोणत्याही गरोदर बाईच्या घरी सकाळी सहा वाजता जा आणि तिचं तोंड पाहा. डोळे ओढलेले, पाय जड, आणि हातात झाडू. रात्री किती झोपलीस असं विचारलं की म्हणते, "झोप कुठली जी, पहाटे जरासा डोळा लागला अन् मंग उठाच लागलं."

आपल्याकडे चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर या बाजूला पारा ४५ अंशांच्या आसपास जाणं नवीन नाही. २५ मेच्या सुमारास नवतपा लागला की रात्रीसुद्धा भिंतींना हात लावावासा वाटत नाही. हे सगळ्यांनाच सोसावं लागतं. पण गरोदर बाईला ते जास्त सोसावं लागतं, आणि त्यात तिचा नखरा काही नसतो. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढत वाढत जवळजवळ दीडपट होतं. हृदयाला काम जास्त, श्वासाला काम जास्त. पोटातलं बाळ स्वतःची ऊब तयार करतं, त्याला काही घाम येत नाही, त्यामुळे त्याची ऊबही आईच्याच रक्तातून आणि आईच्याच कातडीवाटे बाहेर पडते. दोन जिवांची गरमी एका अंगातून बाहेर जायची असते. झोप लागायला अंग थोडं थंड व्हावं लागतं, आणि तेच होत नाही. म्हणून ती रात्रभर कूस बदलते.

डॉक्टर लोकांनी वेगवेगळ्या देशांत पाहिलं आहे की कडक उन्हाळ्यात दिवस भरायच्या आधी होणारी बाळंतपणं, कमी वजनाची बाळं आणि पोटातच दगावणारी बाळं यांचं प्रमाण वाढतं. हे आम्ही घाबरवायला सांगत नाही. घरातल्या ज्या मोठ्या माणसांना वाटतं की "आम्हीही गरोदर होतो, आम्हाला कुठं पंखे होते", त्यांच्या कानावर हे जावं म्हणून सांगतो. आजी, तुमच्या वेळी घर कवेलूचं होतं, भिंती मातीच्या होत्या, अंगणात कडुनिंब होता. आता सूनबाईला झोपवता ते घर कोणतं आहे, ते जरा बघू.

आधी घराचंच बोलू, कारण निम्मी झोप तिथं अडते. घरकुलाची स्लॅबची खोली झाली की आपल्याला आनंद होतो, आणि व्हायलाच हवा. पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खाली सोडतो. मध्यरात्र उलटली तरी छत तापलेलंच असतं. टिनाच्या पत्र्याचं उलटं आहे. दुपारी त्याच्याखाली बसणं म्हणजे तव्याखाली बसणं, पण दिवस मावळला की पत्रा लवकर निवतो. कवेलूचं आणि मातीचं घर या दोघांहून बरं. म्हणून घरात दोन खोल्या असतील तर जागा वेळेप्रमाणे बदला. दुपारची विश्रांती कवेलूखाली, ओसरीत किंवा झाडाखाली, आणि रात्रीचं अंथरूण जी खोली आधी निवते तिथं. बहुतेक घरांत काय होतं? सुनेची खोली एकदा ठरली की ठरली. ती आतली असते, बिनखिडकीची, तिच्यातच कपाट, पेट्या आणि धान्याच्या कोठ्या. नवराबायकोची खोली म्हणून ती आत. पण पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर त्या खोलीत त्या बाईचा जीव उबतो. उन्हाळ्याचे दोन महिने तिची बाज वाऱ्याच्या वाटेवर आणली तर घराची अब्रू जात नाही. आडोशाला एक जुनं लुगडं बांधलं की झालं.

बाजेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सुतळीची किंवा नवारीची विणलेली बाज उन्हाळ्यात फोमच्या गादीपेक्षा कितीतरी चांगली. खालून हवा लागते. लग्नात आलेली जाड गादी दिसायला छान, पण ती अंगाची ऊब धरून ठेवते आणि पाठ घामानं भिजते. गादी उभी करून ठेवा. बाजेवर एक पातळ गोधडी आणि वर धुतलेली सुती चादर पुरे. बाज सैल झाली असेल तर मात्र ती ताणून घ्या. झोळीसारख्या बाजेत पोटुशा बाईची कंबर धरते.

आता छत. अहमदाबादला २०१० च्या मे महिन्यात उन्हानं खूप माणसं दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णतेशी लढायचा आराखडा केला, आणि पुढे तिथल्या वस्त्यांमध्ये घरांची छपरं पांढरी करण्याचं कामही झालं. पांढरा रंग ऊन परत फेकतो, एवढंच त्यामागचं गणित. आपल्याला महागडा रंग नको. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, धरून राहावा म्हणून त्यात थोडं फेविकॉल घालायचं आणि स्लॅबवर किंवा पत्र्यावर दोन हात द्यायचे. सगळं घर नाही, ज्या खोलीत ती झोपते तेवढीच खोली. काम घरातल्या पुरुषानं करायचं, डोळे सांभाळून. चुना डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. सिमेंटच्या पत्र्यावर कोणी पाय देऊ नये, तो फुटतो आणि माणूस खाली येतो. आमच्या प्रभागातल्या एका गटानं गेल्या उन्हाळ्यात गटातल्या तीन गरोदर बायांच्या खोल्या अशा करून घेतल्या. चुना गटाच्या पैशातून, मेहनत नवऱ्यांची. एका नवऱ्यानं "मले वेळ नाही" म्हटलं. गटातल्या बाया त्याच्या दारात दुपारी चुन्याची बादली घेऊन बसल्या. त्याला वेळ मिळाला.

छतावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या पसरायची पद्धत आहे. सावली चांगली होते, पण चूल जवळ असेल किंवा वायर लोंबत असेल तर ते पेट घ्यायला वेळ लागत नाही. तिथं ओलं गोणपाट बरं. दिवसा खिडक्या-दारं बंद आणि पडदा ओढलेला, ऊन उतरलं की सगळं उघडं, ही आपल्या आजीची रीत अजूनही खरी आहे. संध्याकाळची चूल शक्यतो अंगणात पेटवा. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत झोप, हे उन्हाळ्यात तरी टाळा.

कूलर आता बऱ्याच घरी आला आहे. त्याबद्दल थोडं कडक बोलतो. विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं मरतात, ही बातमी आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. पाणी भरायचं काम बाईचं, आणि हात ओले, पाय अनवाणी. कूलरमध्ये पाणी भरण्याआधी बटन बंद करायचंच, शिवाय पिनही काढायची. अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा पाहून घ्या. गरोदर बाईला बादल्या उचलून कूलर भरायला लावू नका. कूलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि घाम वाळत नाही. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करा, त्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

ज्यांच्याकडे कूलर नाही त्यांनीही मन लहान करू नये. झोपायच्या आधी साध्या पाण्यानं अंघोळ करा, किंवा मान, काखा आणि पाय ओल्या फडक्यानं पुसा. पंख्याखाली ओलं पातळ लुगडं अंगावर घेतलं की बरं वाटतं. खोलीतली हवाच चाळीस अंशांच्या वर गेली असेल तर नुसता पंखा गरम वाराच अंगावर फेकतो, तेव्हा अंग ओलं ठेवणं हेच खरं काम करतं. काही घरांत म्हणतात, रात्री अंघोळ केली तर पोटातल्या बाळाला सर्दी होते. बाळ पाण्याच्या पिशवीत सुरक्षित असतं. त्याला अंघोळीनं सर्दी होत नाही, आईला झोप मात्र लागते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे बोलणं मागून घेतलं, तिच्याकडे येतो. गावोगावी बैठका घेताना आम्ही गरोदर बायांना विचारत होतो की दिवसाला पाणी किती पिता. सकाळचं सांगतात, दुपारचं सांगतात. संध्याकाळचं विचारलं की गप्प होतात. मग एखादी हळूच बोलते, "संध्याकाळी पाणी पेलं का रातच्याला उठा लागते. अंधारात जावं कसं? सासूबाईची झोप मोडते, कुत्रे भुंकतात, मले भेव लागते." म्हणून ती पाच वाजल्यापासून पाणीच पीत नाही. बाहेर ४४ अंश, आणि पोटुशी बाई तहानलेली झोपायला जाते.

याचं काय होतं ते नीट ऐका. पाणी कमी पडलं की घाम कमी येतो, अंग तापतं, डोकं ठणकतं, झोप येतच नाही. लघवी पिवळीजर्द होते, जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो. लघवीच्या अशा संसर्गाकडे दुर्लक्ष झालं तर वेळेआधी कळा सुरू होण्याचा धोका असतो. म्हणजे रात्री उठायला नको म्हणून वाचवलेलं पाणी दवाखान्याच्या बिलात आणि कधी बाळाच्या जिवात जातं. त्या बाईला "पाणी पी" असं सांगून काही होत नाही. तिला ते माहीत असतं. तिची रात्रीची वाट सोपी करावी लागते.

वाट सोपी करायची म्हणजे काय? तिची बाज दाराच्या बाजूला. उशाशी बॅटरी, बाजेखाली चप्पल. न्हाणीपर्यंतची वाट संध्याकाळीच मोकळी केलेली, म्हणजे नांगराचा फाळ, बादल्या, शेळीचं दावं वाटेत नको. शौचालय आहे पण त्यात सरपण आणि जुनी टायरं भरून ठेवली आहेत, अशी घरं आम्ही पाहिली आहेत. ते आजच रिकामं करा आणि आत बल्ब लावा. शौचालय लांब असेल किंवा शेवटचे महिने असतील, तर न्हाणीत झाकणाची बादली ठेवा आणि सकाळी ती कोणी रिकामी करायची हेही ठरवा. तिनेच करायची असेल तर ती लाजेनं बादली वापरणारच नाही. आणि नवऱ्याला उठवायला लाजू नका. त्याच्या बाळासाठीच उठायचं आहे.

एवढं झालं की मग पाण्याचं वेळापत्रक. दिवसाचं बरंचसं पाणी संध्याकाळपर्यंत पोटात गेलेलं असावं, थोडं थोडं, तहान लागायची वाट न पाहता. संध्याकाळनंतर घोट घोट, पण बंद नाही. उशाशी तांब्या हवाच. लघवी फिकट असेल तर पाणी पुरतंय असं समजा. माठातलं पाणी, पातळ ताक, ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं हे सगळं चांगलं. फक्त ज्यांना साखर निघाली आहे त्यांनी पन्ह्यात गूळ-साखर घालताना आणि ज्यांचा बीपी वाढलेला आहे त्यांनी ताकात मीठ घालताना आधी सिस्टरला विचारावं. बाटलीतलं काळं-पिवळं थंड पेय म्हणजे पाणी नव्हे.

जेवणाचाही झोपेशी संबंध आहे. आपल्याकडे सून शेवटी जेवते. पुरुष जेवले, मुलं जेवली, सासूबाई जेवल्या, मग रात्री दहाला ती उरलेलं खाते, भांडी घासते आणि लगेच आडवी होते. वाढलेल्या पोटामुळे जठर वर दाबलेलं असतं. छातीत जळजळ, आंबट ढेकर, मग उठून बसणं. तिला साडेसातला जेवू घाला. सगळ्यांच्या आधी जेवली म्हणून घरात काही कमी होत नाही. जेवणानंतर दोन-तीन तासांनी झोपावं आणि डोक्याकडची बाजू थोडी उंच करावी. तिखट रस्सा त्या दिवसांत सकाळच्या जेवणात ठेवा. चहाही दुपारनंतर नको, विशेषतः काळा कडक चहा.

खर्रा आणि गुडाखूबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आपल्याकडच्या बाया ते लपवतात. तंबाखूनं झोप येते हा गैरसमज आहे. ती झोप उडवते आणि बाळाचं वजन कमी करते. सोडताना चिडचिड होते, त्याला गटातल्या मैत्रिणीची सोबत लागते. ओरडू नका.

झोपायचं कसं, हेही विचारतात. सातव्या महिन्यापासून पुढे पाठीवर उताणं झोपू नये. पोटाच्या वजनानं पाठीमागची मोठी रक्तवाहिनी दाबली जाते आणि बाळाकडचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. कुशीवर झोपावं. डावी कूस चांगली म्हणतात, पण उजवीवर झोपलं तरी चालतं. रात्री जाग आली आणि उताणं दिसलात तर घाबरू नका, कूस बदला आणि झोपा. दोन गुडघ्यांमध्ये जुन्या साडीची गुंडाळी, पोटाखाली एक लहान गुंडाळी, यानं कंबरेला खूप आराम पडतो. उशीला पैसे घालवायची गरज नाही.

रात्री पोटरीत गोळा आला तर पायाचा पंजा आपल्याकडे ओढायचा, टाच पुढे दाबायची. हात पोहोचत नाही तेव्हा नवऱ्यानं ओढावा. आणि आडवं पडलं की पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं होतं का? बऱ्याच जणींना होतं. अंगात लोह कमी असलं की हे वाढतं. आपल्याकडे उन्हाळ्यात लाल गोळी बंद करतात, "गोळीनं उष्णता होते" म्हणून. मैत्रिणींनो, गोळीनं शौचाला काळं होतं, कधी मळमळतं, पण गोळीमुळे ऊन लागत नाही. ती गरोदरपणात १८० दिवस तरी घ्यायची असते. रात्री जेवणानंतर थोड्या वेळानं घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते. चहा-दुधाबरोबर नको, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. कॅल्शियम जेवणाबरोबर, लोहाची वेगळी. झोपेची गोळी मात्र डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मेडिकलमधून कोणीही आणू नये.

दुपारच्या झोपेवरून घराघरांत भांडण होतं. दिवसा झोपलं की बाळंतपण जड जातं, बाळ आळशी निघतं, असं म्हणतात. यावर आमचा एकच उपाय आहे. आरोग्य विभागाचा सल्ला गरोदर बाईला रात्री ८ तास झोप आणि दिवसा २ तास विश्रांती असा आहे. तपासणीच्या वेळी आशाताईला किंवा सिस्टरला तो सासूबाईंच्या समोर मोठ्यानं सांगायला लावा. सुनेनं सांगितलं तर ते उलट बोलणं होतं, सिस्टरनं सांगितलं की सल्ला होतो. उन्हाळ्यात बारा ते तीन या वेळात तसंही शेतात काही करता येत नाही. पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते तेव्हा पहिले दोन दिवस नुसती झोपून काढते, हे प्रत्येक आईनं पाहिलं आहे. ती झोप सासरी साचलेली असते. दुसऱ्या खेपेला तर माहेरही नसतं आणि कडेला दोन वर्षांचं मूल असतं. त्या मोठ्या मुलाला उन्हाळ्यापुरतं आजीजवळ झोपवा. आईच्या अंगाला चिकटून झोपणारं मूल म्हणजे आणखी एक शेगडी.

अंगणात झोपायची आपल्याकडे जुनी सवय आहे आणि वारा असेल तर ती चांगलीच. पण जमिनीवर अंथरूण टाकू नका. मण्यार साप रात्रीच फिरतो, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावतो तेव्हा कधी कधी कळतही नाही. बाजेवर झोपा, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गोधडीखाली नीट खोचा. गडचिरोली, चंद्रपूरकडच्या जंगलपट्ट्यात हिवताप आहे, आणि गरोदर बाईला हिवताप फार वाईट. दारं बंद करून कॉइलच्या धुरात झोपण्यापेक्षा मच्छरदाणी केव्हाही बरी.

तेंदूपत्त्याचे दिवस म्हणजे आमच्या कामाचीच परीक्षा. पहाटे तीन-चारला उठून जंगलात, दुपारी भर उन्हात परत, रात्री उशिरापर्यंत पुडके बांधणं. वर्षाच्या किराण्याचा पैसा त्यात असतो, म्हणून गरोदर बाईला "जाऊ नकोस" म्हणणं सोपं नाही. एका गावात बायांनी वाटणी केली. गरोदर असलेल्या दोघींनी जंगलात जायचं नाही, ओसरीत बसून सगळ्यांचे पुडके बांधायचे, आणि पैशाचा हिस्सा घ्यायचा. हिस्सा किती यावर दोन बैठका वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता, कारण मेहनत सगळ्यांचीच आहे. शेवटी ठरला. त्या दोघी दिवस उगवेपर्यंत झोपल्या. सगळ्या गावांना हे जमेल असं आम्ही म्हणत नाही. जिथं बाया एकाच फडीला पत्ता देतात तिथं जमू शकतं.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. काही बाया उष्णतेनं जाग्या राहत नाहीत, नवरा पिऊन कधी येईल या भीतीनं राहतात. अशा घरात चुना आणि पंखा काय करणार? तिला रात्री कोणाकडे जाता येईल, हे शेजारच्या दोन बायांनी तिच्याशी आधीच बोलून ठेवा. १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर आहे, आणि तातडीला ११२.

झोप न येण्याचं कारण दर वेळी उन्हाळाच असतो असंही नाही. डोकं सारखं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येते, तोंड-हात सुजतात, वरच्या पोटात दुखतं, तर ते बीपीचं असू शकतं. बाळाची हालचाल कमी झाली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, ताप आला, पोट कडक होऊन दुखू लागलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. ऊन लागल्यासारखं झालं, म्हणजे अंग चटका बसेल इतकं तापलं, बाई बरळू लागली किंवा शुद्ध हरपली, तर सावलीत घ्या, अंगभर पाणी शिंपडून वारा घाला आणि गाडी बोलवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. गाडीसाठी १०८, आणि गरोदर बाईला दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२, दोन्ही फुकट. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी झोपेचंही सांगा. "बाकी सगळं ठीक आहे" म्हणून परत येऊ नका.

आता गटांसाठी. येत्या बैठकीत हप्ते मोजून झाले की दहा मिनिटं थांबा. गावात सध्या गरोदर बाया किती आणि कोणाचा कितवा महिना आहे, हे आशाताईकडून घ्या, ती गटात नसली तरी. मग प्रत्येक घरी दोघींनी संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास जायचं. दुपारी नाही, कारण बाज कुठं टाकतात, जेवण कधी होतं आणि न्हाणीकडे दिवा आहे की नाही हे संध्याकाळीच दिसतं. सासूबाईंशी आधी बोला, सुनेशी नंतर. ज्या घरी मच्छरदाणी, बॅटरी किंवा पंखा नाही, तिथं अंतर्गत कर्जातून छोटी रक्कम द्यायची का, ते तुमचं तुम्ही ठरवा. काही गट बिनव्याजी देतात, काही उन्हाळ्यापुरता गटाचाच एक पंखा फिरवतात. एक बाळंत झाली की तो पंखा पुढच्या घरी जातो.

आणि जी गरोदर मैत्रीण आत्ता हे ऐकते आहे, तिला एवढंच. बाई, आज संध्याकाळी पाणी पी. रात्री उठावं लागलं तर शेजारी झोपलेल्याला हाक मार.

नमस्कार.